म्युन्स्टरच्या वकिलांची पत्रे : संपादनकाळातील नोंदी

८ जानेवारी २०२४

पत्रांची निवड आज पक्की झाली. तीस वर्षांचे युद्ध मिटवण्यासाठी जर्मनीतील वेस्टफालियात भरलेल्या परिषदेच्या काळात म्युन्स्टरमधील फ्रेंच वकील (म्हणजे राजदूत) आणि पॅरिसचा दरबार यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यातील १६४४ ते १६४६ या तीन वर्षांची निवडक पत्रे आम्ही संपादित करणार आहोत. संहिता मूळ फ्रेंचमध्येच राहील. प्रस्तावना, पत्रांवरील शीर्षटिपा आणि तळटिपा मराठीत असतील. फ्रेंच शिकलेल्या पण सतराव्या शतकातील कागद कधी न हाताळलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखादे अस्सल पत्र पायरीपायरीने वाचता यावे, एवढाच हेतू डोळ्यांपुढे आहे.

ही पत्रे याआधी छापली गेली नाहीत असे मुळीच नाही. हेगमध्ये १७२५-२६ साली चार खंडांत निघालेल्या संग्रहात त्यांतील पुष्कळ आहेत. कार्डिनल माझारँची पत्रे १८७२ पासून १९०६ पर्यंत नऊ खंडांत प्रसिद्ध झाली. आणि ज्याच्यापुढे आदराने थांबावे असा प्रकल्प म्हणजे बॉनचा ‘आक्टा पाचिस वेस्टफालिके’, या परिषदेच्या कागदपत्रांचे संपादन. त्याचा पहिला खंड १९६२ साली आला, आणि त्यात सम्राट, फ्रान्स व स्वीडन यांनी आपापल्या वकिलांना दिलेले आदेश आहेत. पाठनिश्चितीत आम्ही बॉनच्या खंडांचाच आधार घेणार आहोत. मात्र तेथील टिपा जर्मनमध्ये असून जर्मन (पवित्र रोमन) साम्राज्याची घटना ज्याला आधीच ठाऊक आहे अशा वाचकासाठी त्या लिहिलेल्या आहेत. आमच्या वाचकाला सम्राट आणि साम्राज्यातील संस्थाने यांचे नाते इथपासून सांगावे लागेल.

शीर्षटिपांसाठी पात्रांची यादी केली. म्युन्स्टरमध्ये क्लोद द मेस्म, म्हणजे काउंट दाव्हो, आणि आबेल सेर्व्हियाँ. १६४५ च्या जूनअखेरीपासून त्यांच्यावर ड्यूक ऑफ लाँगव्हिल. पॅरिसमध्ये राजमाता आन, मुख्यमंत्री माझारँ, परराष्ट्र व्यवहाराचे सचिव ब्रिएन आणि माझारँचा विश्वासू ह्यूग द लिओन. ज्याच्या नावाने सारे आदेश निघत तो चौदावा लुई १६४४ च्या प्रारंभी पाच वर्षांचा होता.

२२ जानेवारी

लिप्यंतराचे नियम ठरवले. सतराव्या शतकातील कारकून यू आणि व्ही किंवा आय आणि जे यांच्यात आजच्यासारखा भेद करीत नसत; तो भेद आम्ही करू. लांब एस साध्या एसने दाखवू. शब्दांची जुनी घडण मात्र आहे तशीच ठेवू. ज्या व्यंजनांचा उच्चार तेव्हाच लोपला होता पण लेखनात जी टिकून होती, ती गाळणार नाही. शब्दाच्या शेवटच्या ई या अक्षरावर अर्थभेदासाठी आवश्यक असेल तेथेच आघातचिन्ह देऊ. विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे आजच्या रीतीने दिल्याशिवाय वाचकाचा निभाव लागणार नाही, कारण या पत्रांतील एकेक वाक्य अर्धे पान चालते, आणि कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोचताना मधल्या चार उपवाक्यांत वाट हरवते.

संक्षेप सोडवून लिहावेत, यावर दुमत नाही. ‘महाराज’, ‘युवराज’, ‘सम्राटाचे वकील’ हे दोन-तीन अक्षरांत उरकलेले असते. सोडवलेली अक्षरे कंसात दाखवावीत असे मला वाटत होते. सहसंपादकांचे म्हणणे पडले की पानात शे-दीडशे कंस आले तर पत्र वाचवणार नाही. ते पटले. संक्षेपांची एक सारणी प्रस्तावनेत द्यायची, आणि जेथे सोडवणूक शंकास्पद असेल तेथेच तळटीप द्यायची, असे ठरले.

९ फेब्रुवारी

या पत्रव्यवहारातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अवघड प्रश्न आज ऐरणीवर आला. कोणता कागद म्हणजे ‘पत्र’?

म्युन्स्टरहून निघणाऱ्या पत्राचा आधी मसुदा होई. तो वकिलांच्या दफ्तरात राही. त्यावर खाडाखोड, समासातील भर, दुसऱ्या हाताची दुरुस्ती असे. मग कारकून स्वच्छ प्रत उतरवी, वकील सह्या करीत, मोहोर लागे आणि ती प्रत डाकेने जाई. ही रवाना झालेली प्रत पॅरिसला पोचली म्हणून आज फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात, ला कूर्नव्ह येथे, जर्मनीविषयक राजकीय पत्रव्यवहाराच्या बांधीव खंडांत मिळते. याशिवाय त्या काळी आणि नंतरही हौशी संग्राहकांसाठी नकला झाल्या. त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतरत्र विखुरल्या आहेत.

उलट दिशेचे चित्र नेमके उलटे आहे. पॅरिसहून निघालेल्या आदेशाचा मसुदा दरबारात राहिला म्हणून तो अभिलेखागारात आहे, आणि रवाना झालेली प्रत म्युन्स्टरला गेल्याने वकिलांच्या खासगी कागदांबरोबर तिची वाट लागली. म्हणजे एकाच खंडात शेजारीशेजारी बांधलेल्या दोन कागदांपैकी एक पोचलेले पत्र असते आणि दुसरा पाठवायच्या पत्राचा कच्चा खर्डा असतो. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच जुने, सारखेच अस्सल दिसतात. परंतु पहिल्यात जे लिहिले आहे ते समोरच्याने वाचले, एवढे निश्चित म्हणता येते. दुसऱ्याबाबत तसे म्हणता येत नाही, कारण मसुद्यातील एखादे वाक्य शेवटच्या घटकेला वगळलेही गेले असेल.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने ज्यांनी चाळली आहेत त्यांना हा प्रश्न नवा नाही. अस्सल, नक्कल आणि मसुदा यांची गल्लत झाली की इतिहास कसा वाकतो, हे आपल्याकडे पुष्कळदा घडले आहे.

आमचा निर्णय असा : पोचलेली प्रत असेल तर तीच मुख्य संहिता. मसुद्यातील अर्थाला धक्का देणारा प्रत्येक फरक तळटिपेत यावा, नुसत्या लेखनाचे फरक येऊ नयेत. केवळ मसुदाच उपलब्ध असेल तर शीर्षटिपेच्या पहिल्याच ओळीत तसे सांगावे, आणि मसुद्यातील खोडलेला मजकूर वाचता येत असेल तर तो द्यावाच.

१ मार्च

आज सांकेतिक लिपीची पाने घेतली. साधा मजकूर चालू असताना मध्येच अक्षरे थांबतात आणि अंकांच्या रांगा सुरू होतात. कोणता अंकगट एका अक्षराचा असतो, कोणता जोडाक्षरासारख्या अवयवाचा, कोणता एखाद्या राजाच्या, सेनापतीच्या किंवा शहराच्या पूर्ण नावाचा. काही गट निव्वळ चकवा म्हणून घातलेले असतात. पत्र पोचल्यावर दरबारातील कारकून किल्ली घेऊन बसे आणि ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत उकल लिही. एका पानावर त्या बारीक अक्षरांची शाई मूळ अंकांपेक्षा फिकट झाली आहे, आणि जागा अपुरी पडल्यामुळे शेवटचे शब्द समासात वर चढत गेले आहेत. त्या चढलेल्या शब्दांतच सेनेच्या हालचालीविषयीचा मजकूर आहे.

येथे सहसंपादकांशी बराच वाद झाला. त्यांचे मत असे की मसुद्यात तोच मजकूर स्वच्छ अक्षरांत असतो, तेव्हा उकल करणाऱ्या कारकुनाच्या चुका मुख्य संहितेत कशाला आणाव्यात? माझे म्हणणे असे की माझारँने मसुदा कधी पाहिला नाही. त्याच्यापुढे आली ती कारकुनाची उकल. कारकुनाने एखाद्या गटाचा अर्थ चुकीचा लावला असेल, तर पुढच्या आठवड्याचा आदेश त्या चुकलेल्या अर्थावर बेतलेला असू शकतो. वकिलाला काय म्हणायचे होते हा एक इतिहास आहे आणि दरबाराने काय वाचले हा दुसरा, आणि या दोन्हींतला फरक पुसून टाकण्याचा अधिकार संपादकाला नाही.

अखेर उकल मुख्य संहितेत, वेगळ्या ठशात. मसुद्यातील पाठ लगेच खाली तळटिपेत. असे दोघांनी मान्य केले. अंकांच्या रांगा छापायच्या नाहीत. मात्र सांकेतिक मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे खुणेने दाखवायचे, कारण काय लपवावेसे वाटले हीसुद्धा माहितीच आहे.

१८ मार्च

एकाच तारखेची तीन-तीन पत्रे. वकिलांचे संयुक्त पत्र ब्रिएनला जाई. त्याच डाकेने दाव्होचे स्वतंत्र पत्र माझारँला आणि सेर्व्हियाँचे लिओनला. लिओन हा सेर्व्हियाँचा भाचा होता आणि माझारँच्या अगदी जवळ बसत होता, म्हणून मामा त्याला जे लिहितो ते संयुक्त पत्रातून कळणे शक्य नाही.

दाव्हो आणि सेर्व्हियाँ यांचे वैर १६४४ मध्येच उघड झाले होते. एकाच शहरात राहणारे हे दोन वकील एकमेकांवर लांबलचक आरोपपत्रे लिहीत होते. लाँगव्हिलला त्यांच्यावर नेमण्यात जशी रक्ताच्या नात्याने राजघराण्याजवळ असलेल्या माणसाची प्रतिष्ठा पाठीशी असावी हा हेतू होता, तशी या दोघांना एका छत्राखाली आणण्याचीही गरज होती. हे ध्यानात घेतले की संयुक्त पत्रातील ‘आम्ही’ वेगळाच दिसू लागतो. तो तिघांचा एकमुखी आवाज नाही. मसुदा कोणाच्या हातचा, दुरुस्ती कोणाची आणि कोणते मत ‘आमच्यापैकी काहींचे’ म्हणून नाव न घेता नोंदवले आहे, हे पाहिल्याशिवाय त्या ‘आम्ही’वर विसंबू नये.

म्हणून एका डाकेची सर्व पत्रे एका गटात लागोपाठ छापायची, व्यक्तीनुसार वेगळी काढायची नाहीत. सूची थोडी गुंतागुंतीची होईल, पण वाचकाला तो दिवस समग्र दिसेल.

२ एप्रिल

कालगणना. फ्रान्स आणि सम्राट ग्रेगरियन दिनदर्शिका पाळत. स्वीडन आणि बहुतेक प्रोटेस्टंट संस्थाने जुनी ज्युलियन. त्या शतकात अंतर दहा दिवसांचे होते. अंतिम तहावरच १४/२४ ऑक्टोबर १६४८ अशी दुहेरी तारीख आहे. फ्रेंच पत्राला जोडलेल्या स्वीडिश कागदाची तारीख शीर्षटिपेत दोन्ही प्रकारांनी द्यायची, मूळ संहितेत हात लावायचा नाही. शके, फसली आणि हिजरी यांचा मेळ घालण्याची सवय असलेल्या आमच्या गटाला हे काम जड गेले नाही.

२५ एप्रिल

शीर्षटिपेच्या साच्यात आज एक रकाना वाढवला : पत्र पोचल्याची तारीख. कागदाच्या पाठीवर कारकुनाने ती लिहिलेली असते, किंवा उत्तराच्या पहिल्या वाक्यात ‘आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले’ असा उल्लेख असतो.

या रकान्याविना हा पत्रव्यवहार नीट समजत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. म्युन्स्टर ते पॅरिस डाकेला साधारण दहा दिवस लागत. रस्ते खराब असले किंवा सैन्य आडवे आले की त्याहून अधिक. प्रश्न विचारून उत्तर हाती येईतो तीन आठवडे सहज जात, आणि दरम्यान आठवड्याची डाक चालूच राही. त्यामुळे वकिलांच्या हातात आज पडलेला आदेश त्यांच्या तीन आठवड्यांपूर्वीच्या परिस्थितीला उद्देशून असे, आणि त्यांचे आजचे पत्र पॅरिसला पोचेल तेव्हा दरबाराने आणखी दोन आदेश धाडलेले असत. तारखेच्या क्रमाने पत्रे वाचणारा माणूस एक नीट चाललेला संवाद ऐकतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजू एकमेकांच्या जुन्या बोलण्याला उत्तरे देत होत्या.

माझारँचे २० जानेवारी १६४६ चे टिपण याचा उत्तम नमुना आहे. स्पेनच्या ताब्यातील नेदरलंड फ्रान्सला मिळावे, त्यासाठी फ्रेंच सैन्याने व्यापलेला स्पेनचा कॅटालोनिया सोडून देता येईल, आणि असे झाले तर पॅरिसच्या उत्तरेस अभेद्य तटबंदी उभी राहील, असा त्याचा आशय. राजाचे लग्न स्पेनच्या राजकन्येशी लावून हे साधावे, ही कल्पना त्याच सुमारास फिरत होती. ती डच प्रजासत्ताकात फुटली तेव्हा तेथे घबराट पसरली. दुबळ्या स्पेनऐवजी बलाढ्य फ्रान्स शेजारी येणे त्यांना नको होते. डचांनी पुढे ३० जानेवारी १६४८ रोजी म्युन्स्टरमध्येच स्पेनशी वेगळा तह केला, त्यामागच्या कारणांत हा संशय मोठा आहे. जानेवारी ते मार्च १६४६ ची पत्रे पोचल्याच्या तारखांसह लावून पाहिली की दरबार अजून या योजनेची अनुकूल बाजू रंगवत असताना वकिलांच्या दाराशी डचांच्या तक्रारी येऊन उभ्या होत्या, हे पानावरच दिसते. त्यासाठी वेगळे विवेचन लागत नाही.

१४ मे

मायने. कोणाला कोणत्या पदवीने संबोधावे हा या परिषदेत जीवनमरणाचा प्रश्न होता. लाँगव्हिलला ‘आल्तेस’ (हायनेस) हवे होते, डच वकिलांना ‘एक्सेलांस’ (एक्सलन्सी). पत्राचा मायना, त्याखाली सोडलेली कोरी जागा आणि शेवटच्या ‘आज्ञाधारक सेवक’ या ओळीचे पानावरील स्थान यांतून लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दर्जा ठरे. जुन्या छापील संग्रहांनी हे सारे फापटपसारा म्हणून कापले. आम्ही मायना आणि शेवट पूर्ण देणार आहोत.

१३ जून

अल्सासची पत्रे. उन्हाळा १६४६. या खंडाचा गाभा हाच.

आधी टीप लिहिताना काय घडले ते लिहून ठेवतो. अल्सास म्हणजे एक सलग प्रांत आणि तो सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा, अशी वाचकाची समजूत असणार. तसे नव्हते. उत्तर आणि दक्षिण अल्सासमध्ये अनेक सत्ता एकमेकींत गुंतल्या होत्या : दक्षिणेस हाब्सबुर्गांची प्रत्यक्ष मालकी आणि सुंडगाऊ हा प्रदेश; उत्तरेस स्ट्रासबुर्गचा बिशप, स्ट्रासबुर्ग हे स्वतंत्र साम्राज्यनगर, लहानमोठे सरदार; आणि सम्राटाखेरीज कोणाला न मानणारी दहा नगरे, ज्यांच्यावर हागेनाऊच्या अधिपतीची देखरेख चाले. देखरेख म्हणजे मालकी नव्हे. हाब्सबुर्ग जे देऊ शकत होते ते आणि फ्रान्सला जे मिळाल्यासारखे वाटत होते ते, यांत यामुळे मोठी तफावत होती.

पत्रांत दोन प्रश्न एकाच वेळी चालतात. पहिला ब्रायझाखचा. ऱ्हाइनच्या पूर्व काठावरचा हा किल्ला १६३८ च्या डिसेंबरात साक्स-वायमारच्या बर्नहार्डने घेतला होता, आणि पुढे तो फ्रान्सच्या हाती आला. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे : हा प्रदेश पूर्ण सार्वभौम हक्काने घ्यावा, की सम्राटाची जहागीर म्हणून? जहागीर म्हणून घेतला तर फ्रान्सच्या राजाला साम्राज्याच्या सभेत आसन आणि मत मिळेल, म्हणजे जर्मनीच्या कारभारात कायमचा हात राहील. पण त्यासाठी त्याला सम्राटाचा मांडलिक म्हणवून घ्यावे लागेल. सार्वभौम हक्काने घेतला तर मान राहील, प्रदेश साम्राज्यातून तुटेल, आणि सभेचे दार बंद होईल. वकिलांनी दोन्ही बाजूंची कारणे सविस्तर मांडून दरबाराकडे धाडली. हे पत्र मी पुन्हापुन्हा वाचले. आपल्या धन्यापुढे दोन्ही पक्ष इतक्या निष्ठेने मांडणारे, आणि तरी लेखकाचा कल कोणत्या बाजूला आहे हे युक्तिवादाच्या क्रमावरून कळू देणारे लेखन राजकीय पत्रांत विरळा आढळते.

टिपांविषयी एक शिस्त येथे कटाक्षाने पाळायची आहे. १६४८ च्या तहात एका कलमाने हा प्रदेश सर्व सार्वभौमत्वासह दिला आणि पुढच्या एका कलमाने दहा नगरे व इतर यांना साम्राज्याशी थेट नाते राखू दिले, वर ‘दिलेल्या सार्वभौमत्वाला बाध न येता’ अशी पुस्ती जोडली. त्या संदिग्धतेचा लाभ चौदाव्या लुईने पुढे उठवला, आणि १६८१ मध्ये स्ट्रासबुर्गही घेतले. हे सारे ठाऊक असल्याने १६४६ च्या पत्रातील प्रत्येक संदिग्ध वाक्यात पुढचा डाव आधीच शिजत होता असे वाटू लागते. टीप लिहिणाऱ्याने पत्राच्या तारखेपुढे डोकावू नये. त्या उन्हाळ्यात वकिलांना अल्सासच्या हक्कांची माहितीच अपुरी होती, आणि ती मिळवण्याची त्यांची धडपड पत्रांत जागोजाग आहे. म्युन्स्टरमध्ये त्यांच्या दिमतीला तेओदोर गोदफ्रुआ हा इतिहासज्ञ याच कामासाठी होता. जुने करार आणि वंशावळी धुंडाळून तो फ्रान्सच्या दाव्यांना आधार शोधत असे. १६४९ मध्ये म्युन्स्टरमध्येच तो वारला, आणि त्याच्या घराण्याचे कागद आज पॅरिसच्या इन्स्टिट्यूट द फ्रान्सच्या ग्रंथालयात आहेत.

२८ जून

सूचीत सापडलेली एक अडचण. अल्सासच्या दहा नगरांपैकी एकाचे नावही म्युन्स्टरच आहे. वेस्टफालियातील म्युन्स्टरमध्ये बसून अल्सासमधल्या म्युन्स्टरविषयी लिहिणारा वकील दोहोंत काही भेद करीत नाही. संदर्भावरूनच ओळखावे लागते. दोन स्वतंत्र नोंदी केल्या. ब्रायझाखचे फ्रेंच रूपही एका फ्रेंच सरदारघराण्याच्या नावाशी जवळजवळ जुळते, तेथेही तसेच.

१९ जुलै

मध्यस्थांच्या टिपा पूर्ण केल्या. पोपचा प्रतिनिधी फाबिओ कीजी प्रोटेस्टंटांशी वाटाघाटी करीत नसे. व्हेनिसचा आल्व्हीझे कोंतारीनी याला तसे बंधन नव्हते. फ्रान्स आणि सम्राट यांचे वकील बहुधा समोरासमोर बसत नसत. मध्यस्थ एकाकडचे बोलणे दुसऱ्याकडे नेत. त्यामुळे फ्रेंच पत्रात ‘सम्राटाचे वकील म्हणाले’ असे असले तरी ते ‘मध्यस्थ म्हणाले की ते म्हणाले’ असे असते. सुदैवाने कीजीची दैनंदिनी आणि सम्राटाचा वकील इझाक फोल्मार याची दैनंदिनी, दोन्ही बॉनच्या प्रकल्पात छापल्या गेल्या आहेत. महत्त्वाच्या प्रत्येक भेटीसाठी तिघांचे वृत्तांत ताडून तळटिपेत फरक नोंदवायचे. एकाला खरे आणि इतरांना खोटे ठरवायचे नाही. प्रत्येकाने आपल्या धन्याला काय सांगणे योग्य मानले, ते वाचकापुढे ठेवायचे.

९ ऑगस्ट

खंड कोठे थांबवावा, यावर आज निर्णय झाला. अंतिम तहापर्यंत जावे असा आग्रह होता, आणि त्यात आकर्षणही आहे : लाँगव्हिल १६४८ च्या फेब्रुवारीत निघून गेला, दाव्होला परत बोलावण्यात आले, आणि फ्रान्सच्या बाजूने सही करायला सेर्व्हियाँ एकटा उरला. पण तेथवर जायचे तर १६४७ ची अवाढव्य पत्रे ओझरती उरकावी लागतील, आणि आमच्या पद्धतीला ते मानवणार नाही.

म्हणून १३ सप्टेंबर १६४६ च्या प्राथमिक कराराशी थांबायचे. फ्रान्सला ब्रायझाख आणि अल्सासमधील हाब्सबुर्गांचे हक्क, फिलिप्सबुर्गच्या किल्ल्यात शिबंदी ठेवण्याचा अधिकार, मेत्स, तूल आणि व्हर्दं या बिशपक्षेत्रांवरचे सार्वभौमत्व. आणि हाब्सबुर्ग घराण्यातील टिरोलच्या आर्चड्यूकला भरपाई, जी अंतिम तहात तीस लक्ष लिव्हर (फ्रेंच चलन) ठरली. करारानंतर वकिलांनी दरबाराला पाठवलेला अहवाल हे आमचे शेवटचे पत्र. त्याची पोचलेली प्रत मुख्य संहिता म्हणून घेतली असून मसुद्याशी ताडणी चालू आहे. सांकेतिक परिच्छेदांची उकल सहसंपादक पाहत आहेत. सम्राटाच्या बाजूच्या वृत्तांतातील फरक पुढच्या आठवड्यात फोल्मारच्या दैनंदिनीवरून तपासू. त्या पत्राला दरबाराने दिलेले उत्तर परिशिष्टात, पोचल्याच्या तारखेसह द्यायचे आहे.